पाखराच्या पायातलं कडं आणि आपली वही



दसरा-दिवाळीच्या सुमारास शेताच्या धुऱ्यावरून चालताना एक लहानसं करडं-पांढरं पाखरू तुम्ही नक्की पाहिलं असेल. ते दोन पावलं पळतं, थांबतं, शेपटी वरखाली हलवतं आणि पुन्हा पळतं. ओलिताच्या दांडात, हापशीजवळच्या चिखलात, चरणाऱ्या गुरांच्या मागे ते हमखास दिसतं. धुण्याचे कपडे आपटावेत तशी शेपटी हलते, म्हणून आपण त्याला धोबी किंवा परीट म्हणतो. होळी उलटली, ऊन तापू लागलं की ते दिसेनासं होतं. पुढच्या दसऱ्याला पुन्हा हजर.

आता सांगा, यंदा तुमच्या धुऱ्यावर आलेला धोबी मागच्या वर्षीचाच की दुसरा? मधले सहा महिने तो कुठे होता? आपल्याला सगळे धोबी सारखेच दिसतात. गाईच्या कानात बिल्ला असतो, बाळाच्या पायात वाळा असतो, माणसाकडे आधार कार्ड असतं. पाखराला ओळखायचं कसं?

या प्रश्नाचं उत्तर म्हणजे पाखराच्या पायातलं कडं. आजच्या भाषणात आम्ही तुम्हाला सांगणार आहोत की हे कडं कोण घालतं, कसं घालतं, त्या कामात साध्यासुध्या माणसांचा हात कुठे लागतो, आणि नागपूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात बसून बचत गटातल्या बायांना त्यात काय करता येईल.

एका शाळामास्तरांनी सुरू केलेलं काम

डेन्मार्क नावाचा युरोपात एक छोटा देश आहे. तिथल्या विबोर्ग गावात हान्स मॉर्टेन्सन नावाचे शाळामास्तर होते. त्यांनी १८९९ साली आपल्या साळुंकीच्या कुळातल्या पक्ष्यांच्या पायात अॅल्युमिनियमची बारीक कडी घातली. प्रत्येक कड्यावर वेगळा क्रमांक आणि पत्ता कोरला होता. पक्षी दुसरीकडे कुणाला सापडला, तर त्या माणसानं पत्ता वाचून पत्र पाठवावं, एवढीच त्यामागची युक्ती. पत्रं येऊ लागली आणि पाखरं कुठून कुठे जातात याचा पुरावा माणसाच्या हाती येऊ लागला.

आपल्याकडे पहिली कडी १९२७ च्या सुमारास पवारांच्या धार संस्थानात घातली गेली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं, म्हणजे बीएनएचएस या संस्थेनं, धारच्या महाराजांच्या मदतीनं ते काम केलं. पण मोठ्या प्रमाणावर काम सुरू व्हायला एक ताप कारण झाला. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली आणि माणसांनाही जीवघेणा ताप येऊ लागला. अलीकडे आपल्या सिंधुदुर्गात ज्याला माकडताप म्हणतात तोच हा. त्याचा विषाणू रशियातल्या एका तापाच्या विषाणूसारखा निघाला. मग शंका आली, की थंडीत तिकडून येणाऱ्या पाखरांच्या अंगावरच्या गोचिडांनी तर तो आणला नसेल? ते तपासायचं तर कोणतं पाखरू कुठून येतं हे आधी कळायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं, डॉ. सलीम अली यांच्या देखरेखीखाली, १९५९ पासून बीएनएचएसनं पाखरं पकडून कडी घालायला सुरुवात केली. तापाचं खापर पाखरांवर फुटलं नाही, तसं काही सिद्ध झालं नाही. पण त्या निमित्तानं देशात काही लाख पाखरांच्या पायात कडी गेली आणि आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्यांची गावं कळू लागली.

कडं घालण्याच्या केंद्रावर काय चालतं?

अशी केंद्रं पाखरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर चालतात. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचं पॉइंट कॅलिमिअर हे बीएनएचएसचं जुनं ठिकाण, राजस्थानातलं भरतपूर हे दुसरं. कामाची पद्धत सगळीकडे साधारण सारखीच असते.

दिवस उजाडायच्या आधी जाळी लावतात. ही जाळी केसासारख्या बारीक धाग्याची आणि काळ्या रंगाची असते. झाडोऱ्याच्या पुढे दोन काठ्यांना बांधली की पहाटेच्या उजेडात ती दिसतच नाही. जाळीला आडव्या झोळ्या सोडलेल्या असतात. उडत आलेलं पाखरू जाळीला लागतं आणि अलगद झोळीत पडतं. त्याला इजा होत नाही, पण वेळेत सोडवलं नाही तर ते गुरफटतं, घाबरतं, उन्हानं दमतं. म्हणून नियम फार कडक असतात. दर अर्ध्या तासाच्या आत प्रत्येक जाळीवर फेरी मारायची. वारा सुटला, पाऊस आला, ऊन चढलं की जाळी बंद करायची. जाळी एक घटकाही वाऱ्यावर सोडायची नाही, कारण कुत्रं, मांजर, शिक्रा हे टपलेलेच असतात.

पाखरू सोडवायचं काम शिकलेल्या माणसाचंच. नवख्यानं हात लावायचा नाही. सोडवलेलं पाखरू सुती पिशवीत ठेवतात. अंधार झाला की ते शांत होतं. मग टेबलाशी आणून त्याचा पंख पट्टीनं मोजतात, वजन करतात, पिसं जुनी की नवी ते पाहतात. पोटावरची आणि गळ्याखालची पिसं हळूच फुंकून बाजूला केली की पातळ कातड्याखाली पिवळी चरबी दिसते. ही त्याची प्रवासाची शिदोरी. लांब पल्ल्याला निघायच्या आधी लहान पाखरं खाऊन खाऊन अंगावर चरबी चढवतात आणि बहुतेक रात्रीच्या अंधारात उडतात. चरबी भरपूर असली तर निघायची तयारी झाली, संपलेली असली तर आताच लांबून आलंय, असा हिशेब लावता येतो.

शेवटी पायाच्या मापाचं कडं खास पक्कडीनं बंद करतात. ते सैल फिरलं पाहिजे, पण घसरून पंजावर येता कामा नये. झाडाच्या पानांत किडे टिपणारा वटवट्या पक्षी जेमतेम सात-आठ ग्रॅमचा, म्हणजे चहाच्या दोन चमच्यांत मावणाऱ्या साखरेएवढा. त्याचं कडं ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याहूनही हलकं असतं. आपल्या पायातल्या जोडव्यांचं ओझं आपल्याला जेवढं वाटतं, तेवढंही त्याला वाटत नसावं. हे सगळं काही मिनिटांत उरकतं आणि हात उघडला की पाखरू उडून जातं.

आता यात स्वयंसेवक काय करतात? जाळ्यांवर फेऱ्या मारतात, पिशव्या धुऊन वाळवतात, घड्याळावर नजर ठेवतात, कुत्री हाकलतात. पण सगळ्यात जबाबदारीचं काम म्हणजे वही लिहिणं. पाखरू हाताळणारा माणूस कड्याचा क्रमांक मोठ्यानं सांगतो, लिहिणारी व्यक्ती तो लिहून पुन्हा मोठ्यानं वाचते आणि मगच पुढची नोंद होते. जात कोणती, वय काय, पंख किती, वजन किती, कोणत्या जाळीत, किती वाजता, हे सगळं एका ओळीत येतं. क्रमांकातला एक आकडा चुकला, तर उद्या ते पाखरू हजारो कोसांवर सापडलं तरी दुसऱ्याच कुणाच्या नावावर जाईल. म्हणजे कडं घालायला लागलेली सगळी मेहनत वाया.

बचत गटात ज्यांनी नोंदवह्या सांभाळल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. कुणाचे किती भरले, कुणाचा हप्ता कधी आला, यात एका शून्याची चूक झाली की काय होतं ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. पाखरांच्या केंद्रावर पुस्तकी ज्ञानाइतकीच अशा शिस्तीची गरज असते.

या कामात शाळा न शिकलेल्यांचा वाटाही मोठा आहे. बिहारमधले मीरशिकार हे पिढ्यान्‌पिढ्या पाखरं पकडून विकणारे लोक. बीएनएचएसनं त्यांच्यातल्या अली हुसेन यांच्यासारख्या माणसांना सोबत घेतलं. कोणतं पाखरू कुठे उतरेल, फास कसा लावला तर पायाला इजा होणार नाही, हे त्यांना जेवढं कळायचं तेवढं मोठ्या मोठ्या शास्त्रज्ञांनाही कळत नव्हतं. पोटासाठी पाखरं धरणारे हात पाखरं जपायच्या कामाला लागले.

कड्यानं काय काय सांगितलं?

पहिलं उत्तर आपल्या धोब्याचंच. मुंबईत एका लहानशा हिरवळीवर येणाऱ्या करड्या धोब्याच्या पायात कडं घातलं गेलं. तोच पक्षी पुढे काही वर्षं दर हिवाळ्यात त्याच हिरवळीवर परत आल्याचं आढळलं. डोंगर, नद्या, शहरं ओलांडून ते वीसेक ग्रॅमचं पाखरू नेमकं त्याच जागी उतरत होतं. म्हणजे तुमच्या धुऱ्यावरचा धोबीही मागच्या वर्षीचाच असू शकतो. तो धुरा त्याचं हिवाळ्यातलं घर आहे. तुम्ही ओढा बुजवला, धुऱ्यावरची झुडपं जाळली, तर परत येणाऱ्याला घरच उरत नाही.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या एका गृहिणीची. मार्गारेट मोर्स नाइस या बाईंना पाच मुली झाल्या. कोणत्याही विद्यापीठात त्यांना नोकरी नव्हती. ओहायो राज्यात कोलंबस शहरात राहत असताना १९२८ पासून त्यांनी घराजवळच्या नदीकाठी राहणाऱ्या, चिमणीएवढ्या गाणाऱ्या पाखरांच्या पायात रंगीत कडी घालायला सुरुवात केली. प्रत्येकाच्या रंगांची जोडी वेगळी, त्यामुळे पाखरू पुन्हा न पकडता लांबूनच ओळखता यायचं. कुणाचं घरटं कुठे, कुणाची जोडी कुणाशी, कुणाची पिल्लं जगली, कोण पुढच्या वर्षी परतलं, हे त्या वर्षानुवर्षं लिहीत राहिल्या. त्या वह्यांतून १९३७ आणि १९४३ साली छापून आलेला अभ्यास जगभरच्या पक्षिशास्त्रज्ञांनी डोक्यावर घेतला. घर सांभाळून केलेलं काम होतं ते.

तिसरी गोष्ट एका मादीची. प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावर १९५६ साली एका मोठ्या समुद्रपक्ष्याच्या पायात कडं घातलं गेलं. तेव्हाच ती अंडी घालायच्या वयाची होती. ज्यांनी कडं घातलं त्याच शास्त्रज्ञांच्या हाती ती २००२ साली, ४६ वर्षांनी, पुन्हा आली. तिचं नाव विझ्डम ठेवलं गेलं. २०२४ च्या अखेरीस तिनं पुन्हा अंडं घातलं, म्हणजे सत्तरी ओलांडल्यावर! तिच्या पायात कडं नसतं, तर पाखरू इतकं जगतं यावर कुणी विश्वास ठेवला असता का?

आपल्या नागपूरकडे काय?

नागपूर देशाच्या मध्यावर. उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि ईशान्येकडून समुद्राकडे जाणाऱ्या कितीतरी पाखरांची वाट आपल्या डोक्यावरून जाते.

हिवाळ्यात आपल्या तलावांवर पट्टकदंब उतरतात. राखाडी रंगाचे, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस मंगोलिया, तिबेट, लडाखकडे पिल्लं वाढवतात आणि हिमालय ओलांडून येतात. सात हजार मीटरहून जास्त उंचीवरून उडताना त्यांची नोंद झाली आहे. मंगोलियातले अभ्यासक त्यांच्या गळ्यात रंगीत पट्टी घालतात. तिच्यावर मोठी अक्षरं असतात आणि ती दुर्बिणीतून, कधी कॅमेऱ्यातून, काठावर बसून वाचता येतात. असे मानपट्टीवाले पट्टकदंब विदर्भातल्या तलावांवर दिसले आहेत. तिकडे पट्टी घालणाऱ्याला कळायला हवं की आपला हंस कुठे पोचला, आणि ते कळवणारं माणूस इकडच्या काठावर हवं. काठावर कोण असतं? मासेमारी करणारे ढीवर बांधव, म्हशी धुणारी मुलं, शिंगाडे काढणाऱ्या बाया.

पेंच आणि ताडोबाचंही उदाहरण आहे. २०२४ साली हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रातून गिधाडं आणून बीएनएचएस आणि वनविभागानं या दोन्ही जंगलांत सोडली. त्यांच्या पाठीवर उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारं छोटं यंत्र होतं. ताडोबातून सोडलेलं एक गिधाड उडत उडत थेट तमिळनाडूपर्यंत गेलं आणि तिथे विजेच्या धक्क्यानं मेलं. यंत्र होतं म्हणून ते कुठे गेलं आणि कशानं मेलं हे कळलं. आता विजेच्या तारांचा प्रश्न पुराव्यानिशी मांडता येतो.

मग सगळ्याच पाखरांना यंत्र का लावत नाहीत? कारण यंत्र पाखराच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांहून जड असू नये, असा नियम पाळतात. गिधाडाला ते सहज पेलतं, पण सात ग्रॅमच्या वटवट्याला ते कसं पेलणार? शिवाय यंत्र महाग असतं. म्हणून गाणाऱ्या लहान पाखरांसाठी सव्वाशे वर्षांपूर्वीचं साधं कडंच अजून मुख्य आधार आहे. आणि कड्याची अडचण एकच. ते स्वतः बोलत नाही. कुणीतरी ते वाचून कळवावं लागतं. कडी घातलेल्या शंभर लहान पाखरांमधून एखाद्याचीही बातमी परत येईल याची खात्री नसते.

बातमी का येत नाही?

एक कारण म्हणजे भीती. पायात काहीतरी लिहिलेलं पाखरू सापडलं की हेरगिरीची शंका येते. मुंबईत २०२३ साली एक कबुतर पायातल्या कड्यांमुळे संशयावरून पकडलं गेलं आणि तब्बल आठ महिने कैदेत राहिलं. ते तैवानच्या शर्यतीतलं चुकलेलं कबुतर निघालं. जानेवारी २०२४ अखेर त्याची सुटका झाली. असल्या बातम्या ऐकून माणसं सापडलेलं कडं गुपचूप फेकून देतात. मैत्रिणींनो, कड्याची बातमी देणं हा गुन्हा नाही. उलट कड्यावरचा पत्ता त्यासाठीच असतो.

दुसरं कारण म्हणजे पाखरू शिकारीत सापडलेलं असतं. तलावाकाठी जाळं लावून धरलेल्या बदकाच्या पायात कडं निघालं तर कोण कळवणार? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. परवानगीशिवाय रानपाखरं पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. अभ्यासासाठी जाळी लावणाऱ्यांनाही वनविभागाची परवानगी आणि रीतसर प्रशिक्षण लागतं. म्हणून हे भाषण ऐकून कुणी घरी जाळी लावायला जाऊ नका.

या बाबतीत नागालँडची हकिगत ऐकण्यासारखी आहे. तिथल्या दोयांग जलाशयाजवळ दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लाखो अमूर ससाणे उतरतात. सायबेरिया आणि चीनकडून निघून भारतावरून, पुढे अरबी समुद्रावरून ते आफ्रिकेत जातात. २०१२ साली तिथे मासे धरायच्या जाळ्यांनी हजारो ससाणे पकडून मारले जात असल्याचं उघड झालं. गरीब गावांचं ते उत्पन्नच होतं. गावपंचायती आणि चर्चनं पुढाकार घेतला, शिकार बंद करायचं ठरलं आणि २०१३ साली शिकार थांबली. त्याच वर्षी तीन ससाण्यांना उपग्रहाची यंत्रं लावली. त्यांची नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. पांगती हे तिथल्या गावाचं नाव. आपल्या गावाच्या नावाचं पाखरू आफ्रिकेत पोचलं हे ऐकल्यावर ते पाखरू परकं राहिलं नाही.

आपल्याला काय करता येईल?

कडं असलेलं पाखरू दिसलं किंवा सापडलं तर काय करायचं ते आता नीट ऐका.

पाखरू जिवंत असेल तर त्याला पकडायला धावू नका. मोबाईलवर फोटो काढा. कडं कोणत्या पायात आहे, रंग कोणता, अक्षरं किंवा आकडे वाचता येतात का, ते पाहा. अक्षर ओळखता आलं नाही तर जसं दिसतं तसं काढून ठेवा.

पाखरू जखमी असेल तर पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून त्यात ठेवा आणि वनविभागाला १९२६ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. पायातलं कडं काढू नका. ओढून काढायला गेलं तर पाय मोडतो. संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजात अडकलेली पाखरं पुष्कळ सापडतात, आणि जानेवारी म्हणजे पाहुण्या पाखरांचा ऐन मुक्काम. तेव्हा पायाकडे एक नजर टाकायला विसरू नका.

पाखरू मेलेलं असेल तर उघड्या हातानं उचलू नका. हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा, फोटो काढा, नंतर साबणानं हात धुवा. एकाच जागी बरीच पाखरं मेलेली दिसली तर हात अजिबात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लूची साथ आली होती, त्यात लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. जवळ फवारणी झाली होती का, तेही नोंदवा. ज्या फवारणीनं पाखरू मरतं, तीच फवारणी करणाऱ्या मजुराच्या नाकातोंडात जाते. यवतमाळात २०१७ साली किती माणसं दगावली ते आपण विसरलेलो नाही.

कड्याची माहिती कळवताना पाच गोष्टी लिहा. कड्यावर जे जे लिहिलंय ते सगळं, तारीख, गाव-तालुका-जिल्हा, पाखरू जिवंत होतं की मेलेलं, आणि ते कसं सापडलं. पत्ता असा: बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, हॉर्नबिल हाऊस, शहीद भगतसिंग मार्ग, मुंबई. कडं परदेशातलं असलं तरी इथेच कळवा. गावातल्या शिक्षकांच्या किंवा शिकणाऱ्या लेकीच्या मदतीनं ईमेलही करता येईल.

पण कडंवालं पाखरू काही रोज दिसत नाही. वर्षानुवर्षं एकही दिसणार नाही कदाचित. म्हणून रोजची दुसरी नोंद सुरू करता येते. गटाच्या वहीच्या शेवटी चार पानं राखून ठेवा. पहिला धोबी कोणत्या तारखेला दिसला? तलावावर पहिले पट्टकदंब कधी आले? पळसाला फुलं आली तेव्हा भोरड्यांचे थवे होते का? होळीनंतर धोबी शेवटचा कधी दिसला? तारीख, जागा आणि पाहणारीचं नाव एवढंच लिहायचं. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. चितमपल्लींनी नवेगावबांध, नागझिऱ्यासारख्या आपल्या जंगलांत उमेदीची वर्षं घालवली आणि आदिवासी, कोळी, गुराखी यांच्या तोंडची पाखरांची नावं गोळा करून पक्षिकोश सिद्ध केला. वही सुरू करायला याहून चांगला आठवडा नाही. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते. १९८७ पासून आशियाभर स्वयंसेवक ती करतात. तुमच्या तालुक्यातले पक्षिमित्र तलावावर येतील तेव्हा त्यांच्यासोबत जा. त्यांच्याकडे दुर्बीण असते, पण पाखरं पहाटे कोणत्या कोपऱ्यात बसतात ते तुम्हाला माहीत असतं.

पण ज्वारी खातात त्याचं काय?

हा प्रश्न आल्याशिवाय राहणार नाही, आणि तो रास्त आहे. भोरडी म्हणजे पळसमैना. गुलाबी अंग आणि काळं डोकं असलेली ही पाखरं मध्य आशियातून थव्यांनी येतात आणि दाणा भरलेल्या ज्वारीवर तुटून पडतात. मचाणावर बसून, डबे वाजवून, गोफण फिरवून राखण करणाऱ्या बाईला त्यांचं कौतुक कसं सांगायचं?

नुकसान होतं हे खरंच आहे, ते आम्ही नाकारत नाही. दाणा भरल्यापासून सोंगणीपर्यंत राखण करायलाच हवी. पण हीच भोरडी पिल्लं वाढवायच्या दिवसांत तिकडे टोळ आणि नाकतोडे फस्त करते. चीनमध्ये शिनजियांग प्रांतात तर टोळ आवरायला तिच्यासाठी मुद्दाम दगडांची घरटी बांधून देतात. आपल्याकडेही ती किडे खाते, पळस-सावरीच्या फुलांतला रस पिताना परागकण इकडून तिकडे नेते. वटवटे, माशीमार, धोबी ही पाखरं तर तुरी-कपाशीतले किडे टिपूनच जगतात. नफा-तोट्याचा हिशेब करायचा तर दोन्ही बाजू लिहाव्या लागतात. आणि राखण करणारी बाई ती लिहायला सगळ्यात योग्य. थवा कधी आला, किती वेळ बसला, दाणे खाल्ले की पानावरच्या अळ्या, हे तिच्याइतकं जवळून पाहणारं दुसरं कोण आहे?

या कामाचे पैसे मिळत नाहीत, हेही स्पष्ट सांगतो. मिळतं ते एवढंच की आपल्या वहीतली तारीख दहा वर्षांनी कामाला येते. धोबी आधी दसऱ्याला यायचा, आता दिवाळीला येतो, असं नुसतं म्हटलं तर कुणी ऐकत नाही. दहा दसऱ्यांच्या दहा तारखा ग्रामसभेत वाचून दाखवल्या, तर तलावातला गाळ काढताना काठचा झाडोरा राखायचा की नाही, यावर तुमचं म्हणणं ऐकावं लागतं.

तेव्हा पुढच्या बैठकीत हप्त्यांची नोंद झाली की शेवटचं पान उघडा. गावातले सगळे तलाव, बोड्या आणि ओढे त्यावर लिहून काढा, कुणाच्या वाटेवर कोणतं पाणी येतं ते ठरवा आणि एकेक जागा एकेकीला वाटून द्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं, जिला येतं तिनं लिहून मोठ्यानं पुन्हा वाचून दाखवायचं. आणि एखाद्या दिवशी पाण्यावरून परतताना एखाद्या पाखराच्या पायात काही चमकलं, तर घाई न करता थांबा, नीट पाहा आणि आम्हालाही कळवा. ती बातमी या कार्यक्रमात तुमच्याच आवाजात सगळ्या गावांना ऐकवू.